शिशाचा कैवारी

माणसाची नियत त्याच्या प्रार्थनेवरून कळत नाही, मतावरून तर नाहीच नाही. तो बंदुकीच्या नळीत काय भरतो, त्यावरून कळते.

हे वाक्य माझं. आमच्या अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातल्या साप्ताहिकात ते छापून आलं, तेव्हा त्याच्या वर ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांची जाहिरात होती आणि खाली शौचटाक्या उपसून देणाऱ्याची. त्या आठवड्यात फोन आले ते सगळे उपसणाऱ्याला.

तरी मी सव्वीस वर्षं ते सदर लिहिलं, आणि त्यातली निदान दहा टंगस्टनची टर उडवण्यात घालवली. भांडण तसं सोपं आहे. टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीला आमचे बाप-आजे शिशाचे छर्रे वापरायचे. शिसं स्वस्त, पण चाळीस पावलांपुढे त्याचा दम सुटतो. म्हणून शिकाऱ्याने झाडाला पाठ लावून बसायचं, पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढायचा, नराला जवळ बोलवायचं, आणि नाकावर डास बसला तरी हलायचं नाही. टंगस्टन शिशाच्या दीडपटीहून जड. त्यामुळे छर्रा मोहरीएवढा केला तरी साठ पावलांवर मानेत घुसतो, आणि बारीक असल्यामुळे एका काडतुसात कितीतरी जास्त मावतात. 'ज्याला पक्षी बोलावता येत नाही, तो टंगस्टन विकत घेतो,' असं मी लिहिलं होतं. लोकांनी ते कापून फ्रिजवर चिकटवलं.

मग वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी चाळीस मैलांवरच्या एका दुकानात गेलो, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं, आणि टंगस्टनची पाच काडतुसं घेतली. पोऱ्या तशीच हातात द्यायला लागला, तेव्हा खाकी पिशवी मागून घेतली. बायकोला, नेडीनला, सांगितलं की औषध आणलंय. "कशाचं?" तिने विचारलं. "पोटाचं," म्हटलं. तिने रात्री मला नुसती पेज वाढली.

कारण होतं ट्वायला पोग. पंचेचाळिशीची, एकटीने गुरं सांभाळणारी बाई. गेली चार वर्षं ती मला हरवत होती.

आमच्याकडे हंगामाच्या आधीच्या शनिवारी आगीच्या बंबाच्या शेडमागे नेमबाजी असते. बंबवाले प्रत्येकाला एकच काडतूस देतात, सगळ्यांना सारखं, शिशाचं. चाळीस पावलांवर कागद, कागदावर टर्कीचं डोकं आणि मान. मानेत ज्याचे छर्रे जास्त, तो जिंकला. बक्षीस एक हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी; पण हॅमसाठी कुणी येत नाही. जिंकणाऱ्याला हंगामाची पहिली सकाळ डेल्मर यॉकमच्या माळावर मिळते, आणि त्या सकाळी दुसरा कुणी तिथं पाय ठेवत नाही. कागद तपासायचं कामही डेल्मरचंच. हा माझा शाळेपासूनचा मित्र, त्याच्या भिंगासकट.

"मर्लकाका, या वर्षी चष्मा पुसून आलात ना?" रांगेत ट्वायलाने विचारलं.

"तुझी दया येते म्हणून चार वर्षं पुसला नव्हता."

तिच्यामागे घडीच्या खुर्चीवर तिचे वडील, ॲन्सेल, कॉफीचा थर्मास मांडीत धरून बसले होते. ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "यंदा बाबांना न्यायचंय माळावर. तिथं ट्रक थेट वर जातो ना. त्यांच्या गुडघ्यांना दुसरी जागाच उरली नाही."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि म्हणालो, "आधी जिंक तरी!"

मग रेघेवर उभा राहिलो, लोकांकडे पाठ केली, बंबवाल्यांचं लाल काडतूस डाव्या खिशात टाकलं आणि उजव्या खिशातलं लाल काडतूस नळीत सरकवलं. रंग बघूनच घेतलं होतं. सव्वीस वर्षांचं सदर त्या दोन खिशांच्या मध्ये कुठेतरी पडलं. आवाज काही झाला नाही.

कागद आला. मान चाळणी झाली होती. शिवाय एक गोष्ट माझ्यासारख्या तज्ज्ञाच्या ध्यानात आधी यायला हवी होती: भोकं बारीक होती. शिसं असं भोक पाडत नाही. डेल्मरने कागद डोळ्यांजवळ नेला, त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग म्हणाला, "मर्ल टॅकेट." आकडा तो सांगत नाही; दोन वर्षांपूर्वी, वाद नकोत म्हणून, त्याने ती पद्धत बंद केली. कागद नेहमीप्रमाणे शेगडीत गेले.

टाळ्या झाल्या. ॲन्सेलनी थर्मास बाजूला ठेवून माझा हात हातात घेतला. "शिशाची लाज राखलीस, मर्ल," म्हणाले.

पहिल्या सकाळी मी माळावर बसलो. नळीत टंगस्टनच होतं. एकदा पाय घसरला की माणूस तिथंच बस्तान मांडतो. उजाडताना मी पाटीवर काडी घासली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक थोराड नर न थांबता, न बिचकता, थेट माझ्याकडे चालत आला. पन्नास पावलं. तीस. मी साठ पावलांची दौलत मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि हा बाराव्या पावलावर उभा राहून माझ्याकडे बघत होता. टंगस्टनचे छर्रे लांबवर जाईपर्यंत एकमेकांना चिकटून राहतात. बारा पावलांवर त्यांचा झुपका संत्र्याएवढा. मी चाप ओढला. संत्रं त्याच्या कानाजवळून गेलं. पक्ष्याने मला पुन्हा एकदा पाहून घेतलं आणि तो उतारावरून निघून गेला, पळालाही नाही.

त्यानंतर चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरेना. हॅम तर उतरेचना. डेल्मरने भोकं पाहिली होती. त्याने पाहिलं आणि साठ वर्षांच्या मैत्रीखातर गिळलं, असं मनाशी म्हणत मी रोज त्याच्या घरावरून गाडी नेत होतो. पाचव्या दिवशी थांबवली.

"तुला माहीत होतं," मी ओसरीवरच म्हणालो. "माझं काडतूस टंगस्टनचं होतं. भोकं बारीक होती, आणि तू बोलला नाहीस."

डेल्मर शेंगा सोलत होता. "बारीक होती?"

"भिंगातून बघितलीस की!"

"मर्ल, दोन वर्षं झाली, मला भिंगातून भिंगच दिसतं."

"मग निकाल कसा देतोस?"

"अंगठा फिरवतो. ज्याचा कागद जास्त खरखरीत, तो जिंकला." आणखी एक शेंग सोलून तो म्हणाला, "तुझा तर किसणीसारखा लागला. मला वाटलं, म्हाताऱ्याने यंदा कमालच केली."

म्हणजे मला कुणी क्षमा केलीच नव्हती. मी चार दिवस एका आंधळ्या माणसाच्या मोठेपणाखाली दबून होतो. लाज होती तेवढी होतीच, आता तिला सोबत मिळाली. कारण डेल्मरही मान खाली घालून बसला होता.

"ट्वायलाला सांगायला हवं," तो म्हणाला. "दोघांनी."

"दोघांनी," मी म्हणालो. एकट्याने जायची माझी तशीही छाती नव्हती.

आम्ही माझ्या ट्रकमधून गेलो. वाटेत मी तोंडातल्या तोंडात भाषण जुळवत होतो, सवय वाईट. ट्वायला अंगणात तिच्या ट्रकला जोडलेल्या पिंजऱ्याची कडी लावत होती. आम्ही टोप्या काढल्या. मी सगळं सांगितलं: पिशवी, दोन खिसे, तिचं बोलणं ऐकूनही केलं ते, बारा पावलांवरचा नेम. डेल्मरने त्याला दिसत नाही हे सांगून, निकाल देणारा अंगठा पुढे करून दाखवला. शेवटी मी म्हणालो, "हंगाम अजून दोन आठवडे आहे. ॲन्सेलना उद्याच माळावर ने. रोज ने. डेल्मर कुणालाही वर सोडणार नाही."

"बाबा परवा गेले," ती म्हणाली. माझा चेहरा बघून तिने पुढे सांगितलं, "ताईकडे, टेक्ससला. कायमचे. इथले जिने आता त्यांना होत नाहीत. पहिली सकाळ होईपर्यंत मुद्दाम थांबले होते."

डेल्मर टोपीची कड चाचपत राहिला.

"कागद मी पण पाहिला होता, मर्लकाका. शेगडीत टाकायला माझ्याच हातात दिला होता. शिसं असं भोक पाडत नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल. संध्याकाळपर्यंत सांगाल. बाबा तर म्हणाले, मर्ल आहे, तो सांगेलच."

तिने शिव्या दिल्या असत्या तर निदान कुठे बघायचं ते कळलं असतं. डेल्मर म्हणाला, "ट्वायला, आम्ही दोघं..."

तिने हात पँटला पुसले.

"झालं ना बोलून?"

"झालं," मी म्हणालो.

"मग तुमचा ट्रक तेवढा मागे घ्या. वासरं बाजाराला न्यायचीत, आणि तुम्ही फाटकातच लावलाय."