आनंदाचं लक्षण

अंगठ्याच्या नखाखाली भाजलेल्या मिरचीचं साल अडकलं होतं—काळं, पातळ, निघता निघत नव्हतं—आणि ते टोकरता टोकरता नेवेनाला एकदम हसू फुटणार होतं, ते तिने ओठांतच दाबलं. अंगणात मोठ्या कढईत ल्युतेनित्सा रटरटत होती. योर्दान्काताई लाकडी फळीने तो मिरची-टोमॅटोचा लाल रगडा ढवळत होती, आई बरण्या पुसत होती. सप्टेंबरातला शनिवार, प्लोव्दिव शहरातल्या त्या गल्लीत घरोघरी हेच चाललेलं. नेवेनाच्या वाट्याला नेहमीप्रमाणे साली काढणं. विस्तवाजवळ तिला कोणी जाऊ देत नसे.

काल नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा उन्मादाचा आजार तुम्हाला आहे असं मला वाटत नाही. कधी होता असंही वाटत नाही. गोळ्या हळूहळू कमी करू. इतकं सोपं! त्याआधी त्यांनी एकच विचारलं होतं, जे आजवर कुणालाच सुचलं नव्हतं—आजाराचं निदान झालं त्या वर्षी घरात कोण गेलं होतं? बाबा. बाबा गेले, आणि त्यांच्या मळ्यातल्या मिरच्या सडू नयेत म्हणून मी दोन दिवस न झोपता एकटीने कढई ढवळत राहिले, गात होते, रडत होते, सगळ्या गल्लीच्या दारांत बरण्या ठेवून आले... मग दवाखाना. मग आजाराचं ते नाव, माझ्या नावापेक्षा मोठं.

पण सांगायचं कसं? आनंदाने सांगावं, तर आनंद हेच लक्षण! मोठ्याने बोललं की लक्षण, लाल कोट घेतला की लक्षण; आणि मी बरी आहे म्हणून नाचत सांगणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? हवामानाच्या बातमीसारखं कोरडं वाक्य ती मनात जुळवत होती, आणि आत नुसता धुडगूस चालला होता.

"हसतेस काय गं?" ताई म्हणाली. "गोळी घेतलीस ना?"

"घेतली."

"मग दात कशाला काढतेस? मिरच्या गुदगुल्या करतायत का तुला?"

झालं. सगळं बाहेर पडलं—उलटसुलट, हातवारे करत, आवाज चढत चढत. मांडीवरचं पातेलं लवंडलं. ताईचा हात थांबला.

"ढवळ गं ताई, करपेल!"

आईने फडकं खाली ठेवलं. "मग कालिनचं काय?" ती हळूच म्हणाली. "लग्न आठवड्यावर असताना त्या पोराला सोडलंस. पोरीचा दोष नाही, आजाराने केलं, असं मी गल्लीभर सांगत आले. मग ते कोणी केलं?"

नेवेना सांडलेल्या मिरच्या पातेल्यात भरू लागली. कोणी केलं... तो जेवताना बोटं मोडायचा, माझं वाक्य माझ्याआधी संपवायचा—आणि मला तो नकोसा झाला होता, बस्स. बाबांचं दुःख होतं, सगळं होतं, पण सोडलं ते मी. त्याची आई आमच्या दाराशी रडत बसली होती आणि मी वर खिडकी लावून घेतली—तीही मीच. केवढा दुष्टपणा, आणि माझा, अगदी माझा स्वतःचा! लाज वाटत होती, आणि लाजेखाली काहीतरी उड्या मारत होतं, लहान पोरासारखं.

आई उत्तराची वाट पाहत होती. तिला घट्ट मिठी मारावी असंही नेवेनाला वाटत होतं आणि तिच्याशी कडाकडा भांडावं असंही. आणि यातलं लक्षण कुठलं, हे कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणालाच विचारावंसं वाटेना.