पायाळूची आई

आमची सुरभी पोटात पाय खाली करून ठाण मांडून बसली होती, म्हणून यवतमाळच्या डॉक्टरांनी पोट कापून तिला बाहेर काढलं. माझ्या सासूबाईंनी, तानाबाईंनी, नर्सला पहिला प्रश्न विचारला तो मुलगा की मुलगी हा नव्हता.

"आधी डोस्कं आलं का पाय?"

"पाय," नर्स म्हणाली. आणि संध्याकाळच्या आत गावभर झालं की माझ्या सासऱ्यांच्या, विठ्ठलरावांच्या घरी पायाळू पोट्टी झाली.

आमच्याकडे कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय तिथं तीनदा लावतात. गावातले आधीचे पायाळू गुरुजी मुलाकडे नागपूरला राहायला गेलेले, म्हणजे जागा रिकामीच होती. सिझरचं पायाळू चालतं का, यावर पारावर थोडी चर्चा झाली. सासूबाईंनी ती एका वाक्यात मिटवली. "दार कोन्तं बी असो, पाय पह्यले आले ना?"

सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी, आणि कापसाची वेचणी एकदम आली, की आमच्या गावात सरळ पाठीचा माणूस शोधावा लागतो. सकाळी चहाच्या आधीच अंगणात कुणीतरी वाकडं होऊन उभं असायचं. त्यानं भिंतीला हात टेकून ओणवं व्हायचं, मी सुरभीला दोन्ही काखांत धरून उचलायचं आणि तिचा पाय दुखऱ्या जागी टेकवायचा. सांगायला सोपं आहे. दीड वर्षाची, भोपळ्यासारखी भरलेली माझी लेक नेमके त्याच वेळी दोन्ही पाय पोटाशी घ्यायची. मग मी तिला तशीच अधांतरी धरून उभी, सासूबाई तिच्या तळव्याला गुदगुल्या करताहेत आणि भिंतीकडून आवाज येतोय, "लागला काय व पाय? का अजून ऱ्हायला?"

दिवाळी होईपर्यंत माझ्या डाव्या खांद्यामागच्या फऱ्याच्या काठाला सुपारीएवढा गोळा झाला. मान वळेना. हात खांद्याच्या वर जाईना. ते सगळं चाललं असतं, पण सुरभी धावत यायची, दोन्ही हात वर करून "घे" म्हणायची, आणि मला तिला घेता येत नव्हतं. मी खाली बसून तिला कुशीत ओढायचे. तिला ते पटायचं नाही. तिला वरून जग पाहायचं असे. ती माझ्याकडे बघायची, पुन्हा हात वर करायची, जणू पहिल्यांदा मला नीट ऐकू गेलं नसावं.

सासूबाईंनी घरचा उपाय केला. स्वतः सुरभीला धरलं आणि माझ्या पाठीवर पाय लावला. तीन लाथा बरोबर बसल्या, चौथी कानावर. गोळा जागचा हलला नाही.

"आपल्याच मायले लागू होत नसन," सासूबाई विचार करून म्हणाल्या.

शेवटी आम्ही तिघी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून दारव्ह्याला गेलो. तिथं ममता राठोड नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, आमच्या शेजारच्या बंजारा तांड्यावरची. तिनं मला पालथं झोपवलं, गरम शेक दिला, मग अंगठ्यानं फरा चाचपत चाचपत नेमकी त्या गोळ्यावर आली आणि दाबून तिथंच थांबली.

"माय वं!" मी ओरडले. सुरभी टाळ्या वाजवून हसली.

"श्वास सोडा, ताई. स्नायू आवळून बसला आहे, सोडायला वेळ घेईल," ममता म्हणाली. "खांद्याच्या उंचीला काही जड धरून उभं राहता काय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पंख्याकडे पाहिलं.

"सेवा करते ते लोकायची," त्या म्हणाल्या.

"कोनाची?"

मग सगळं बाहेर आलं. सासूबाईंनी मोठ्या अभिमानानं नावं सांगितली. त्यात पूनमसिंग हे नाव आलं, तशी ममता ताठ झाली.

"माहे काका? मी त्याइले दिवाळीपासून बोलावून राह्यली!"

"तो म्हने, तू व्यायाम सांगतं. पोट्टीचा पाय काही सांगत नाही."

ममता हसली, पण माझ्याकडे वळली तेव्हा हसत नव्हती. "पाय लावायचा का नाही, ते तुमचं तुम्ही पाहा. पण मी सांगेपर्यंत या ताईंनी लेकरू उचलायचं नाही. नाहीतर हा खांदा असाच धरून बसेल."

परतीच्या जीपमध्ये सासूबाईंनी सुरभीला स्वतःच्या मांडीवर घेतलं. अंगणातल्या त्या गर्दीत त्यांचा किती जीव होता ते मला ठाऊक होतं. उद्या त्या "फक्त आजचा दिवस" म्हणतील, आणि मला नाही म्हणता येणार नाही, हेही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनमसिंगकाका हजर. कंबरेत वाकलेले, भिंतीकडे निघालेले. मी पदराला हात पुसत उभी राहिले. सासूबाई घरातून आल्या त्या काखेत चटई घेऊन.

"झोपा पालथे."

"काहून?"

"पद्धत बदलली."

काका झोपले. सासूबाईंनी त्यांच्या पलीकडे बिस्कीट ठेवलं आणि सुरभीचं बोट धरलं. ती काकांच्या पाठीवर चढली, एक पाऊल, दुसरं, आणि मग पुढं जाऊन बिस्कीट उचलून परत आली व कमरेवर फतकल मारून खाऊ लागली.

"याडी!" काका आपल्या बोलीत आईला हाक मारत कण्हले. "उसण उतरली का माय, का कोनी चढलं?"

"बसली हाय. गप ऱ्हा, जास्त लागू होते," सासूबाई म्हणाल्या. "आन इथून सरका ममताकडं. पायाचं काम झालं. बाकीचं तिचं."

त्या दिवसापासून सासूबाई ममतानं सांगितलेल्या व्यायामासाठी माझ्याही मागे लागल्या. मी भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचे आणि त्या मागून, "वर! अजून वर! छताले जाळं लागलं, ते काढूनच ये खाली."

आठवडे गेले. एकदा ममतानं तोच अंगठा तिथंच दाबला आणि मी ओरडले नाही. तिनं पुन्हा दाबून पाहिलं. "घ्या आता लेकीला," ती म्हणाली. "पण गुडघ्यात वाकून."

मी गुडघ्यात वाकले. सुरभीला जवळ घेतलं आणि उभी राहिले. डाव्या खांद्यावर तिचं डोकं आलं, मानेला बिस्किटाचा चुरा लागला. तिनं माझ्या गालावर हात ठेवला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एवढ्या आठवड्यांत तिला कुणी न उचलता, लोकांच्या पाठींवरूनसुद्धा, स्वतःच्या पायांनी हिंडायची सवय लागली होती.

"खाली," ती म्हणाली.

मी ऐकूच आलं नाही असं केलं.