पाटीकडे न पाहणारा

गावाचं नाव 'ऑ', बस, एवढंच. दूर उत्तरेकडच्या त्या देशाच्या वर्णमालेतलं शेवटचं अक्षर. रस्ताही इथंच संपतो, पुढे समुद्र. लोक कुठून कुठून येतात, गावाच्या नावाच्या पाटीला मिठी मारून फोटो काढतात, एखादा बहाद्दर पाटीच पळवतो. म्हातारी गुनवोर कॉड मासे वाळत घालता घालता त्यांना मनसोक्त हसायची.

त्या दुपारी आलेल्या माणसानं मात्र पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडीचं दार सताड उघडं, किल्ली आतच, अंगात कोट नाही. तो सरळ खडकाच्या टोकाशी जाऊन लाटांकडे बघत उभा राहिला. गुनवोरनं हातातला मासा खाली ठेवला.

पण या गावची रीत अशी, की परक्याला आपणहून काही विचारायचं नाही. शेजाऱ्याचं घर पेटलं तरी आधी दार वाजवतील! गुनवोर त्यातच मुरलेली. विचारणार काय? 'बाबा रे, जीव द्यायला आलास का?' आणि तो नुसता हवा खायला आला असेल तर? तेवढ्यात त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खडकावर ठेवलं. लाट बुटांवरून गेली, तरी तो मागे सरला नाही.

"ए! इकडे ये जरा! माझा हात वर जात नाही!" ती ओरडली. धडधडीत खोटं.

तो वळला नाही.

"बहिरा आहेस का रे? पक्षी टपलेत माझ्या माशांवर!"

बऱ्याच वेळानं तो आला. चेहरा पांढराफटक. "मला नाही जमणार," तो पुटपुटला.

"शेपट्या मी बांधते. तू जोडी उचलायची नि दांडीवर टाकायची. त्यात न जमायला काय झालं?" तिनं आपले लोकरी हातमोजे त्याच्या हातात कोंबले.

अंधारेपर्यंत दोघं मासे टांगत राहिले. त्याची नजर समुद्राकडे गेली की गुनवोरचा जीव वर-खाली व्हायचा, मग ती खेकसायची, "दांडी इकडे आहे!"

शेवटची जोडी टांगून झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "उद्याही आहेत का?"

एकही मासा उरला नव्हता.

"ढीगभर," ती म्हणाली. "जेव नि माडीवर झोप."

तो वर गेल्यावर तिनं शेजारच्या तोरलाइफला फोन लावला. तो बोटीवरचा कोळी. उभ्या जन्मात तिनं त्याच्याकडे मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

"तोरलाइफ, उद्याचे तुझे सगळे मासे मला हवेत. टांगायला. का ते..."

"सकाळी किती वाजता आणू?" तोरलाइफ म्हणाला.