दहा नंबरचा जोड

"हात वर कर," दैवशाला म्हणाली.

अर्पितानं दोन्ही हात वर केले. ब्लाऊजचे हूक लागले होते, पण काखेखाली दोन्ही बाजूंनी कापड सुटून लोंबत होतं. दैवशालानं ते चिमटीत धरलं. चिमटीत मावेना. गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती आणि पोटच्या पोरीचं माप तर घ्यायचीही गरज नव्हती. दिवाळीच्या ब्लाऊजवरून तिनं हा कापला होता.

"जेवती का न्हाई तिकडं?"

"जेवते."

"मंग हे कापड काय वाऱ्यानं वाढलं?"

"राहू दे गं," दाराशी स्टुलावर बसलेली पुष्पाबाई म्हणाली. साड्या फॉल लावायला द्यायला ती आली होती आणि तासाभरापासून निघतच होती. "लग्न ठरलं की पोरी वाळतेतच. आनंदानं. आमच्या आदिनाथचं ऐकलं का तुम्ही? माझ्या भाच्याचं? पार आष्टीपर्यंत जाऊन आलो पोरगी पाहायला. चहाचा ट्रे न्हाई, काही न्हाई. समोर खुर्चीत बसली अन् मलाच विचारून राह्यली, मावशी, तुमच्या न्हाणीला दार हाय का पडदा?"

"मंग?"

"मंग काय. पडदा हाय म्हणलं. तर म्हणती कशी, दार लावा, तव्हा फोन करा."

अर्पिता हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. "बराबर बोलली की."

"बराबर! शेती किती, भाऊ किती, काही न्हाई. दार! आमच्या टायमाला माझ्या बापानं फक्त विहीर पाह्यली. पाणी दिसलं, पोरगी दिली. नवऱ्याचं तोंड मी हळद फिटल्यावर पाह्यलं." पुष्पाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "तुझं सोनं झालं बाई. शिकली, कमावती, अन् आता आपल्या मनानं करून राह्यली. आईनं कळ काढली म्हणून. माझे फॉल संध्याकाळी नेते गं, दैवशाला."

ती गेली. देवीच्या देवळाकडून रविवारची वर्दळ ऐकू येत होती. दैवशालानं दार लोटून घेतलं.

'आपल्या मनानं' हे शब्द तिच्या कानात राहिले. एवढ्याचसाठी तर तिनं आयुष्य काढलं होतं. अर्पिता सतरा वर्षांची असताना भुजंगनं, तिच्या नवऱ्यानं, न सांगता पाहुणे आणले होते. ओसरीवर बैठक बसली आणि दैवशाला मशीन सोडून उठलीच नाही. सुईत दोरा नसताना ती मशीन हाणत राहिली. आवाजानं कोणाला बोलता येईना. शेवटी पाहुण्यांनीच विचारलं, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "पोरगी परीक्षेला गेल्ती ती तिकडंच हाय. आता येत न्हाई." अर्पिता मागच्या खोलीत होती. भुजंग महिनोन्‌महिने बोलला नाही. पुढं गाव बोलू लागलं. पोरगी उरावर ठेवती का, असं कोणी म्हटलं की दैवशालाचं उत्तर ठरलेलं असे : तिला वाटंल तव्हा करील.

भुजंग वारला. अर्पिता एकतीस वर्षांची झाली. जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत ती उगवण तपासायचं काम करायची. गेल्या महिन्यात तिनं फोनवर सांगितलं, "आई, मी लग्न करून राह्यले." वामन नाव. रोलिंग मिलच्या ऑफिसात नोकरी, चाळिशीला आलेला, पहिलंच लग्न. दैवशालानं त्या दिवशी शेजारीपाजारी साखर वाटली.

आता तिनं टेप घेतला आणि पोरीच्या छातीभोवती गुंडाळला. सैल राहावं म्हणून घालतात ते बोट न घालता आकडा पाहिला. मग एकदम विचारलं, "तुला आवडतो का गं तो?"

अर्पिता आरशात पाहत होती. "बरा आहे."

"बरा तर ताप उतरल्यावर बी असतो माणूस."

"खोटं बोलत नाही तो. पहिल्याच भेटीत सांगितलं, आई अंथरुणाला खिळलीय, म्हणून मुली नकार देतात. तुम्हाला जमेल का? मी म्हटलं, घर कोणाच्या नावावर आहे? म्हणाला, माझ्या. मग म्हटलं, जमेल."

"घर?" दैवशालाचा टेप तसाच हातात राहिला. "तू कमावती. तुला भाड्यानं घर भेटत न्हाई का?"

"भेटतं की. एकटीला नाही भेटत." अर्पिता आपल्या कामाचा अहवाल सांगावा तसं सांगत होती. "पहिल्या ठिकाणी सातच्या आत आलं पाहिजे म्हणाले, माझी पाळीच आठला सुटायची. दुसऱ्या ठिकाणी कंपनीतल्या एकानं पावसात गाडीवरून सोडलं, दुसऱ्या दिवशी सामान बाहेर. आता आहे तिथं मालकाचा भाऊ वर राहतो. येता-जाता माझ्या दाराची कडी वाजवतो. नुसती वाजवतो आणि जातो. मी दाराला टेबल लावून झोपते."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू साखर वाटत होतीस."

दैवशाला मशीनच्या खुर्चीवर बसली. अर्पितानं पिशवी ओढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पुरुषी चपलांचा जोड. जाड पट्ट्यांचा, मोठा, न वापरलेला. फक्त टाचा मुद्दाम घासल्यासारख्या.

"दहा नंबर. मीच आणला. दारात ठेवायचे. पंधरा-वीस दिवस कडी वाजली नाही, आई. रोज जागा बदलायचे, कधी एक उलटी ठेवायचे. फरशीवर टाचा घासल्या. मग मालकीणबाईनं विचारलं, चपला दिसतात, माणूस कुठंय?" ती पुन्हा हसली, पण हे हसणं वेगळं होतं. "म्हटलं, आता माणूसच ठेवते."

"मी येते तिकडं," दैवशाला म्हणाली. "मशीन घेऊन येते. दोघी राहू."

"दोन बायका राहिल्या तर दोन जोड लागतील."

"थट्टा नको करू."

"थट्टा नाही गं. मी शब्द दिलाय. अन् थकलेय." अर्पितानं घड्याळ पाहिलं. "पाचची गाडी आहे भोकरदनवरून. तू असं कर, आतून दोन्हीकडून टाके घाल. वरून शालू असतो. कोणाला दिसतंय?"

दैवशालाचा हात सुईकडं गेला आणि थांबला.

हेच शब्द तिनं ऐकले होते. चुलतीच्या तोंडून. थोरली बहीण बाळंतपणानंतर गेली, मागं सहा महिन्यांचं लेकरू राहिलं, आणि लेकरू परक्या बाईच्या हाती जाऊ नये म्हणून चौदा वर्षांच्या दैवशालाला त्याच घरात, बहिणीच्याच नवऱ्याला, भुजंगला दिलं. नवं कापड कशाला म्हणून बहिणीचंच लग्नातलं झंपर तिच्या अंगात घातलं. ते खांद्यावरून घसरत होतं. चुलतीनं आतून दोन्ही बाजूंनी टाके घातले आणि म्हणाली, वरून पदर असतो, कोणाला दिसतंय? ते टाके दिवसभर बरगड्यांना टोचत होते. मांडवात तेवढंच तिच्या लक्षात राहिलं. पुढं अंग भरत गेलं तसा एकेक टाका तिनंच उसवला. शेवटचा निघाला तेव्हा अर्पिता पोटात होती. ते लेकरू, बद्रीनाथ, तिनं वाढवलं. आता तो पुण्याला असतो, सणाला फोन करतो. शिवण ती त्या झंपरापासून शिकली, पण हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

"काढ तो ब्लाऊज," ती म्हणाली.

"आई, गाडी जाईल."

"जाऊ दे. सहाची हाय."

"दोन टाक्यांचं काम आहे."

"काढ म्हणलं ना!"

अर्पितानं ब्लाऊज काढला आणि ओढणी पांघरून स्टुलावर बसली. दैवशालानं पातं घेतलं. बाह्या वेगळ्या केल्या, बाजूच्या शिलाया खोलल्या, अस्तर सोडवलं. हिरव्या कापडाचे तुकडे मशीनवर मांडले आणि खडूनं नव्या रेघा ओढल्या. पोरीचं अंग किती उतरलं ते आता कापडावर नीट दिसत होतं. तिनं कात्री चालवली. कातरलेल्या पट्ट्या पायांशी पडत राहिल्या.

मशीन चालत होतं, या वेळी दोऱ्यासकट.

ब्लाऊज पुन्हा अंगात चढला तेव्हा कुठं सुरकुती नव्हती. अर्पितानं हात वर केले, खाली केले. काखेत बोट घालून आतली शिलाई चाचपली.

"टोचत नाही," ती म्हणाली.

"न्हाई टोचायचं."

अर्पिता कपडे बदलून निघाली. उंबऱ्याबाहेर वाकून तिनं तो जोड दारात ठेवला, एक चप्पल सरळ, एक जरा तिरकी. "राहू दे तुझ्याकडं. वामनला सात लागतो. अन् तूही एकटीच असतेस."

दैवशाला काही म्हणायच्या आत ती रस्त्याला लागली होती.

दिवस कलला तशी पुष्पाबाई फॉल न्यायला आली. लांबूनच तिचा आवाज येत होता, कोणाला तरी शिव्या घालत, हसत. दाराशी आली आणि आवाज बंद झाला. दैवशालानं मान वर करून पाहिलं. पुष्पाबाई चपलांकडं बघत होती. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि बाहेरूनच, अगदी हळू विचारलं, "कोणी आलंय का गं?"

"न्हाई. कोणी न्हाई."

"मंग ह्या?"

"अर्पिताच्या हायेत."

"पोरीच्या? एवढ्या मोठ्या?" पुष्पाबाईचा पदर खाली आला, आवाज वर चढला. "काय बाई फॅशनी निघाल्या!"

ती फॉल घेऊन, हसत निघून गेली. दैवशालानं खालच्या हिरव्या पट्ट्या गोळा केल्या, सुईतला दोरा काढला, मशीनवर झाकण ठेवलं. मग दाराशी आली. भुजंग गेल्यापासून पुष्पाबाईनं तिच्या दारात कधी डोक्यावर पदर घेतला नव्हता.

चपला आत घ्यायला ती वाकली. तिरकी चप्पल उचलली. थोडा वेळ हातात धरली. मग पुन्हा होती तशी ठेवली, आत आली आणि कडी लावली.