धक्क्यावरचा पांढरा दिवा

टायटसविलच्या नदीकाठच्या धक्क्यावर कायदा एकच: पलीकडच्या तळावरून रॉकेट उडताना पांढरा दिवा लावायचा नाही. कपाळाला तांबडा बांधा, कुणी काही म्हणणार नाही. पण पांढरा लावलात, तर रॉकेटच्या आगीची कमान टिपायला चार-चार मिनिटं उघडे ठेवलेल्या सगळ्यांच्या कॅमेऱ्यांतले फोटो वाया जातात, आणि मग लावणाऱ्याची धडगत नसते. हे मला माझ्या बापानं, हार्लननं शिकवलं. तीस वर्षं त्यानं समोरच्या तळावर नटबोल्ट आवळले. "आधी ठोसा, मग चौकशी," म्हणायचा. मी त्याचाच पोरगा. दोघांची नाकं फोडलीत आजवर. लाज? छे!

त्या रात्री म्हातारा हट्टानं आला. हृदय पार खिळखिळं झालेलं, डॉक्टरनं घराबाहेर पडू नका म्हणून बजावलेलं.

"मरायच्या आधी अख्खी कमान एका फोटोत बघायचीय, डेल. तुझ्या सगळ्या अर्धवट!"

जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली त्याच्या खिशात होती. त्याला धक्क्यामागच्या वाळूत, ट्रकपाशी खुर्चीत बसवलं, मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी दिली.

रॉकेट सुटलं. नदी लख्ख उजळली, आवाज मात्र नाही. मी कॅमेरा उघडला. आग चढली, वाकली, लांब जायला लागली आणि खाली पुन्हा काळोख झाला. सुटल्यावर मिनिटभरानं तो गडगडाट पोचला. त्यात शेजारच्याची बोंबही ऐकू येत नाही.

तेवढ्यात मागून पांढरा झोत. एकदा, दोनदा, थेट माझ्या भिंगापुढे.

माझं डोकंच सटकलं. धावत गेलो आणि झोतामागे जे तोंड असेल त्यावर होती नव्हती ती ताकद लावून ठोसा हाणला. दात तुटलेला माझ्या बोटांना कळला. माणूस कोसळला. माझ्या बुटाखाली काहीतरी चिरडलं. शेंगा होत्या.

"बाबा!"

बाटली त्याच्या हातून पडली होती, ट्रकमधली बॅटरी घेऊन तीच तो शोधत होता. हाका मारल्याच असतील. त्या आवाजात ऐकणार कोण?

मी बॅटरी उचलली आणि वाळूवर फिरवायला लागलो. लगेच पाठीत लाथ बसली. बकची. बारा वर्षं माझ्या शेजारी कॅमेरा लावून उभा राहणारा बक! मग कुणीतरी स्टँडचा पाय बरगडीत घातला, कुणी मनगटावर टाच दिली. "बाप आहे रे माझा!" मी ओरडत होतो, माझं मलाच ऐकू येईना. मार खात रांगलो, पण बॅटरी सोडली नाही. बाटली चाकाखाली सापडली. त्याच्या रक्तानं भरलेल्या तोंडात बोट घालून गोळी जिभेखाली सरकवली.

गडगडाट विरला. बकनं खाली वाकून पाहिलं.

"अरे देवा! हार्लनकाका?" मग तो बाकीच्यांवर खेकसला, "थांबा रे! ॲम्ब्युलन्स बोलवा!"

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. फुटक्या ओठांनी पुटपुटला, "दिवा बंद कर, गाढवा. कमान नासेल."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं नाही. ॲम्ब्युलन्सवाल्यांना लांबून दिसावा म्हणून बॅटरी उंच धरून बसलो.