गाळणीवरचा डाग

“चारुताई, आज कचोरी एकदम गरम आणलीय. पहले खा, फिर मशीन!” शरदरावांनी काउंटरवर पुडा ठेवला आणि शेजारी चांदीच्या द्रावाची नवी बाटली.

चारुलता हसली. मल्हारगंजात रंग-रसायनांच्या दुकानात जन्म काढलेला हा माणूस पन्नाशी उलटल्यावर इस्पितळांच्या चादरींना लावायचा जंतुनाशक द्राव बनवायला निघाला होता. त्यासाठी चांदीचे कण अतिसूक्ष्म आणि सुटे हवेत. ते तसे आहेत, असं विजय नगरच्या या प्रयोगशाळेनं मागच्या खेपेला लिहून दिलं होतं. खाली सही चारुलताची. त्या भरवशावर शरदरावांनी नोकरी सोडली आणि घरामागे शेड टाकली.

बाटली घेऊन ती आत गेली. आधी पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, कारण कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्राला धुळीचा कणही डोंगराएवढा दिसतो. त्यात द्रावाचे थेंब सोडायचे. मग चिकटलेले कण सुटावेत म्हणून ध्वनिलहरींच्या टबात धरायचं, तेही बर्फ घालून, कारण तापले की पुन्हा गळ्यात गळे घालतात. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि तिथंच घात झाला होता.

पडद्यावर गुठळ्या दिसल्या. पुन्हा केलं, पुन्हा गुठळ्या.

“काय बिघडवलंत हो शरदराव!” ती पुटपुटली आणि तुलनेला मागच्या खेपेची राखून ठेवलेली बाटली काढली. तिच्यातही गुठळ्याच. ठेवून ठेवून झाल्या असतील, असं तिनं स्वतःला समजावलं, पण मन मानेना. मग तिला तो दिवस आठवला. बाहेर शरदराव येरझारा घालत होते, तिला घाई झाली होती, आणि पाणी गाळलेल्या त्याच गाळणी लावलेल्या पिचकारीनं तिनं द्रावसुद्धा गाळून टाकला होता. गाळायचं ते पाणी, नमुना कधीच नाही. पण घरी चहा, ताक, पीठ काहीच गाळल्या-चाळल्याशिवाय पुढे न करणारी बाई ती. सवयीनं हात चालला.

तिनं आजचा द्राव मुद्दाम गाळून पाहिला. आकडा आला तो मागच्या अहवालातलाच, देखणा. आणि गाळणीच्या पांढऱ्या चकतीवर करडा डाग. गुठळ्या सगळ्या तिथं बसल्या होत्या.

प्रयोगशाळेचे प्रमुख संजीव यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. “मॅडम, पुरानी रिपोर्ट को मत छेडो. आज लिहून द्या, सॅम्पल खराब आलं. त्यांना कुठे समजतंय?”

खरंच समजलं नसतं. शेडमध्ये बसून तो माणूस आपली न झालेली चूक शोधत राहिला असता, आयुष्यभर. चारुलतानं चकती हातात घेतली आणि बाहेर आली.

झालं ते सगळं तिनं सांगितलं. शरदरावांनी चकती उजेडात धरली, डागावरून बोट फिरवलं.

“मतलब मी काही बिघडवलं नाही?”

“नाही. तुमचा माल दोन्ही वेळा सारखाच होता. चूक माझी.”

“सारखाच… म्हणजे तेव्हापण ठीक नव्हता.”

“नव्हता.”

त्यांनी चकती उलटीपालटी केली. मग स्वतःशीच म्हणाले, “दुकानवाले आता नोकरीवर वापस घेतील काय?”

“मी येते ना शेडवर. कण सुटे कसे ठेवायचे ते बघू आपण. मी शिकवते तुम्हाला,” ती घाईघाईनं म्हणाली. तिचं तिलाच ते केविलवाणं वाटलं.

शरदरावांनी मान हलवली. हो की नाही, काही कळेना. त्यांनी चकती जपून काउंटरवर ठेवली आणि तेलकट पुडा तिच्याकडे सरकवला.

“खाऊन घ्या. कचोरी थंडी होतेय.”

दारापर्यंत जाऊन ते वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. पण चेहऱ्यावर राग नव्हता.

“येतो, मॅडम,” ते म्हणाले.

आजवर त्यांनी तिला मॅडम कधीच म्हटलं नव्हतं.