एकही गोळी वाया गेली नाही

आजोबांनी लढाईत किती शत्रू लोळवले, ते आमच्या बाबांना तोंडपाठ होतं. आजोबांना मात्र ते कधी सांगता आलं नाही. कोणी विचारलंच, तर ते एवढंच म्हणायचे, "माझी एकही गोळी वाया गेली नाही." बाकीचं सगळं युद्ध बाबांनी घरबसल्या लढलं होतं.

बाबांचं चष्म्याचं दुकान. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचताना गिऱ्हाईक अडखळलं, की बाबांना चेव यायचा. "माझ्या वडिलांना ही ओळ पलीकडच्या फुटपाथवरून दिसायची. नेमबाज होते ते." खरं म्हणजे आजोबांच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता, आणि तो याच दुकानातला होता. मी एकदा तसं बोलून दाखवलं. "तो नंतरचा," बाबा म्हणाले. "डोळे देशासाठी झिजवले त्यांनी." यावर काय बोलणार, कप्पाळ!

लष्करातून आल्यावर आजोबा पाणीखात्यात मीटर वाचायचे. बोलणं इतकं कमी, की त्यांच्या तोंडून लढाईची माहिती वर्षाला एक वाक्य अशा वेगाने बाहेर यायची. एका वर्षी म्हणाले, "एका दिवसात दोनशे गोळ्या गेल्या." पुढच्या वर्षी म्हणाले, "सकाळ, दुपार, संध्याकाळ. वेळ चुकवून चालत नसे." आणि एकदा आईने वाढता वाढता सहज विचारलं, तेव्हा म्हणाले, "जेवणानंतरच द्यायचो. उपाशीपोटी कधी नाही."

"बघा!" बाबा आमच्याकडे वळून म्हणाले. "शत्रूलासुद्धा उपाशीपोटी मारलं नाही."

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मला कळत होतं, पण बाबांचा चेहरा असा फुललेला असायचा की शंका काढायला जीभ रेटत नसे.

आजोबांना एक खोड होती. जेवताना पावाचा मऊ भाग चिमटीत घेऊन ते बारीक गोळ्या वळायचे आणि ताटाच्या कडेला ओळीने मांडायचे. सगळ्या एका मापाच्या. आई वैतागायची, की बाबा दबक्या आवाजात तिला गप्प करायचे, "बोलू नकोस. काडतुसं मोजतायत." माझं परीक्षेच्या सकाळी हटकून पोट दुखायचं. आजोबा त्यातलीच एक गोळी माझ्या तळहातावर ठेवायचे. "पाण्याबरोबर घे. चावायची नाही." अर्ध्या तासात दुखणं थांबायचं. पुढे मी नोकरी शोधायला लागले, तरी मुलाखतीच्या दिवशी त्यांच्यापुढे हात पसरून उभी राहिले होते. मला त्यांची फार आठवण येते, ती अशी, तळहातावर.

गेल्या वर्षी आजोबा गेले. एक्क्याण्णव वर्षांचे होऊन, झोपेत, कोणाला काही त्रास न देता. माजी सैनिक संघाने त्यांच्या वाचनालयाला आजोबांचं नाव द्यायचं ठरवलं आणि बाबांच्या अंगात वारं शिरलं. दारावर संगमरवरी पाटी लावायची होती. पाटीवर काय कोरायचं याचा बाबांनी दोन पानी मजकूर केला. दगडाचं काम करणाऱ्याने तो वाचला, पाटी बोटांनी मापली आणि म्हणाला, "साहेब, एवढं कोरायचं तर डोंगर आणा." शेवटी मी मध्ये पडले. नाव, जन्म, मृत्यू आणि खाली आजोबांचंच वाक्य: यांची एकही गोळी वाया गेली नाही. 'अचूक नेमबाज' हे शब्द जागेअभावी गळले, म्हणून बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कार्यक्रम सकाळी दहाचा. साडेनऊला बाबा आणि मी वाचनालयामागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या ढिगाजवळ उभे होतो. बाबा चार पानी भाषण पुटपुटत होते. बाहेर त्यांची निम्मी गिऱ्हाइकं येऊन बसली होती, प्रत्येकाच्या डोळ्यांवर बाबांनीच दिलेला चष्मा. तेवढ्यात काठी टेकत एक अवाढव्य म्हातारे आत आले. कोटाला पदकं, आणि पोट कोटाबाहेर.

"गोळीवाल्याचा मुलगा तू?" त्यांनी बाबांना विचारलं. "मी तंबू. पलटणीत मला तंबूच म्हणायचे. तुझ्या बापामुळे जिवंत आहे मी."

बाबांनी वाकून नमस्कार केला. "गोळीवाला! ऐकलंस? नेमबाजाला शोभेल असंच नाव."

"कोण नेमबाज?" तंबूकाका म्हणाले.

"माझे वडील. अचूक नेमबाज."

तंबूकाका आधी नुसते बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मग ते खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अरे, त्याला दहा पावलांवरचा तंबू दिसत नव्हता! दोन्ही अर्थांनी! कंपाउंडर होता तो. आमच्या दवाखान्यात गोळ्या द्यायचा. औषधाच्या गोळ्या!"

सकाळ, दुपार, संध्याकाळ. जेवणानंतर. माझ्या डोक्यात एकेक वाक्य आपापल्या जागी जाऊन बसलं. मला हसू फुटणार होतं, पण मी बाबांकडे बघितलं आणि ते घशातच राहिलं. बाबा एकदम म्हातारे दिसत होते.

"त्यांनी मला कधी सांगितलं का नाही?" बाबा म्हणाले.

"सांगणारच होता. मला पत्र आलं होतं त्याचं. पोरगं शाळेत सगळ्यांना सांगून आलंय की माझे बाबा नेमबाज आहेत, असं लिहिलं होतं. छाती काढून चालतंय म्हणे. आता मी कुठल्या तोंडाने सांगू, असं विचारत होता." तंबूकाकांनी रुमालाने डोळे पुसले. "तुझ्यासाठी गप्प बसला रे तो. पण खोटंही बोलला नाही कधी. जे बोलला ते खरंच होतं ना?"

बाबांनी हातातल्या चार पानांकडे बघितलं. बाहेर माणसं जमली होती, पंधरा मिनिटांत बाबांना बोलायचं होतं, आणि पानांवरचं एकही वाक्य खरं नव्हतं. गावभर सांगितलेलं सगळं गिळायचं, नाहीतर बापाच्या नावाने जाणूनबुजून खोटं बोलायचं. इतकी वर्षं ते निदान नकळत तरी बोलत होते.

"बाबा," मी म्हणाले, "पाटी बरोबर आहे. पाटीत एक अक्षर बदलायला नको."

"नाही," तंबूकाका म्हणाले. "पाटीत चूक आहे."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पत्र्याची डबी काढली. आत कापूस, आणि कापसावर एक पिवळी पडलेली, दगडासारखी झालेली गोळी.

"शेवटी शेवटी औषध संपलं होतं. मी तापाने फणफणलेलो. हा पिठाच्या गोळ्या वळायचा आणि द्यायचा, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता. वर माझ्या उशाशी ठाण मांडून, कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहायचा. मी एक गोळी जिभेखाली धरली आणि चव कळली. पीठ! त्याची पाठ वळली तशी काढून ठेवली. बाकीचे त्या घेऊन बरे झाले, मी न घेताच बरा झालो. त्याला ते कधी सांगितलं नाही. त्याला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून आज परत द्यायला आलोय." त्यांनी डबी पुढे केली. "एक गोळी वाया गेली, बाळा. माझ्यामुळे."

बाहेर अध्यक्षांनी बाबांचं नाव पुकारलं. बाबांनी डबी घेतली आणि भाषणाची चारही पानं माझ्या हातात कोंबली. आम्ही तिघं बाहेर गेलो. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, आणि ध्वनिक्षेपकासमोर बाबा उभे राहिले. आवाजच फुटेना. ओठ हलत होते, पहिल्या रांगेतले चष्मे एकमेकांकडे बघायला लागले. मला त्या क्षणी बाबांसाठी इतकं वाईट वाटलं, की मी जाऊन त्यांचा हात धरणार होते.

तेवढ्यात बाबांनी डबी उघडली. गोळी दोन बोटांत धरली, अध्यक्षांसमोरचा पाण्याचा पेला उचलला आणि कोणाला काही कळायच्या आत गिळून टाकली. न चावता.

तंबूकाकांनी तोंडावर हात धरला.

बाबांनी पेला खाली ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "माझे वडील कंपाउंडर होते."

मग त्यांनी मागे वळून पाटी वाचली, मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत.